सफारीचा जमाखर्च



दिवाळीचा फराळ संपतो न संपतो, तोच आपल्याकडे सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. पूर्वी त्यांत शिखरजी, पालिताणा, राणकपूर असायचं. आता एक नवी ओळ ठळक अक्षरांत असते : ‘केनिया सफारी, शुद्ध जैन भोजनासह, स्वयंपाकाचे महाराज बरोबर.’ मग मंडळात दोन प्रश्न निघतात. एक, परवडेल का? दुसरा, पाप लागेल का? दुसरा प्रश्न मोठ्याने विचारला जातो आणि पहिला कुजबुजत. खरं अडतं ते पहिल्यापाशीच!

माझं मत आधीच सांगते. श्रावकाने, श्राविकेने रानातले प्राणी पाहायला जावं. पण जाण्याआधी दोन हिशेब मांडावेत, एक पैशाचा आणि एक हिंसेचा. मी बी. कॉम. झालेली बाई. हे दोन हिशेब शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला एक गंमत दिसली. बहुतेक ठिकाणी दोन्हींचं उत्तर एकच येतं. जिथे हिंसा कमी, तिथे खर्चही कमी. या लेखात तेच मांडते आहे.

प्राणी पाहायचेच कशाला?

काही जणी म्हणतात, “वाघ-सिंह पाहून कोणता आत्मा तरणार आहे? तेवढ्या वेळात चार सामायिकं होतील.” सामायिकाला तोड नाहीच. पण आपल्या चोवीस तीर्थंकरांची लांछनं आठवून पाहा. ऋषभदेवांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, अभिनंदनस्वामींचं माकड, श्रेयांसनाथांचा गेंडा, वासुपूज्यांचा महिष, विमलनाथांचा वराह, शांतिनाथांचं हरीण, मुनिसुव्रतांचं कासव, पार्श्वनाथांचा सर्प आणि महावीरांचा सिंह. लहानपणी पाठशाळेत आपण हे पाढ्यांसारखं पाठ केलं. त्यांतले निम्मे प्राणी आपण फक्त चित्रात किंवा पिंजऱ्यात पाहिलेले असतात. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची रोज क्षमा मागायची आणि त्यांतल्या दहा-वीससुद्धा त्यांच्या घरी, मोकळ्या पाहायच्या नाहीत, हे मला अपुरं वाटतं. ओळख नसलेल्याची क्षमा तोंडाने मागता येते, मनापासून मागणं अवघड जातं.

आणखी एक गोष्ट. आपल्या वयाच्या बायकांना प्रवास म्हणजे तीर्थयात्रा, नाहीतर मुलीचं-सुनेचं बाळंतपण. परदेशी गेलो तरी नातवाची दुपटी बदलून परत येतो. स्वतःला आवडतं म्हणून कुठे जायचं, हे कुणी आपल्याला विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने स्वतःच्या मुदतठेवीतून जंगल पाहायला जायचं ठरवलं, तर घरचे म्हणाले, “या वयात हे काय खूळ?” तेच पैसे तिने नातवाच्या मोटारसायकलीला दिले असते तर कुणी वय काढलं नसतं. म्हणून हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो. आकडे तयार असले की बाईचं म्हणणं ‘खूळ’ राहत नाही.

मात्र ज्यांनी दिशापरिमाण व्रत घेतलं आहे, अमुक अंतरापलीकडे जाणार नाही असे पच्चक्खाण केले आहेत, त्यांच्यासाठी आफ्रिकेचा विषय तिथेच संपतो. सफारीसाठी व्रताची सीमा सरकवू नये. आणि त्यांचं काही अडतही नाही, कारण मी सुरुवात घराजवळूनच करणार आहे.

आधी आपला सातपुडा

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतला. त्याचं मूळ अरबी ‘सफर’, म्हणजे आपण म्हणतो तीच सफर. तेव्हा सफारी म्हणजे आफ्रिकाच असली पाहिजे असं काही नाही.

आपल्या जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्य आहे. १९६९ साली घोषित झालेलं, क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. सावदा-खिरोद्याकडून घाट चढून पालला गेलं की सातपुड्याची थंड हवा लागते. अस्वल, बिबट्या, भेकर इथे आहेत. दिसतीलच असं कुणी म्हणू नये, पण जंगल तर दिसतंच. धुळेकरांसाठी शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य आहे, १९८६ पासून, सुमारे ८३ चौरस किलोमीटर. चाळीसगावहून पाटणादेवीला गेलं की गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचं जंगल सुरू होतं. तिथे देवीचं मंदिर आहे, भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेला शिलालेख आहे, आणि आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे : डोंगरातलं जैन लेणं, ज्याला लोक नागार्जुन कोठडी म्हणतात. जंगल आणि जिनदर्शन एकाच वाटेवर. मुक्ताईनगरकडे वढोद्याच्या जंगलात तर वाघाचा वावर आहे. मुक्ताई भवानी संवर्धन राखीव हे त्या जंगलाचं सरकारी नाव.

आणि एक पक्षी आहे, ज्याच्यासाठी जगभरचे पक्षीवेडे आपल्या खान्देशात येतात : रानपिंगळा. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कुणाला सापडलाच नव्हता. तो शेवटचा खात्रीचा नमुनाही खान्देशातलाच. शंभरावर वर्षं गेली, तो नामशेष झाला असं बहुतेकांनी धरलं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि बेन किंग या अमेरिकन अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. पुढे तोरणमाळला, यावलच्या जंगलात, मेळघाटातही तो सापडला. बहुतेक घुबडांसारखा हा रात्रीचा नाही, दिवसा फिरतो, सागाच्या उघड्या फांदीवर बसतो. म्हणजे आपल्या चौविहाराला सोयीचा पक्षी!

लोक त्याच्यासाठी विमानाने येतात. आपल्याला भुसावळची बस पुरते. घरून दशम्या, कोरडी चटणी, ज्वारीचे बिबडे आणि उकळलेल्या पाण्याची कळशी गाडीत टाकली की झालं. हा प्रवास आपल्या रोजमेळात किरकोळ खर्चात बसतो. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी थंडीत एका सकाळी मेहरूण तलावावर नाहीतर धुळ्याच्या नकाणे तलावावर जावं. तापी-पूर्णेच्या संगमाजवळचं हतनूर धरण तर पाणपक्ष्यांसाठी नावाजलेलं आहे. एक दुर्बीण चौघींत पुरते.

माझा आग्रह असा की, पाल न पाहता केनियाला जाऊ नये. यात देशाभिमानाचा भाग कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. जंगलात सहा तास गप्प बसणं, टाळी न वाजवणं, भडक रंग टाळणं, पहाटे उठून उन्हात टिकणं, गाडीच्या हादऱ्यांना कंबर साथ देते का ते पाहणं, हे सगळं पालला जवळपास फुकट शिकता येतं. तेच डॉलर मोजून शिकणं म्हणजे घाट्याचा धंदा.

मग गिर आणि गिरनार

दुसरी पायरी गुजरात. महावीरांचं लांछन असलेला सिंह आज आशियात रानात फक्त गुजरातेतच उरला आहे. २०२५ च्या गणनेत तिथे ८९१ सिंह मोजले गेले. सासणगिरपासून गिरनार जवळच आहे. नेमिनाथ प्रभूंची कथा आपण सगळ्याच जाणतो. लग्नाच्या वरातीत, जेवणावळीसाठी वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला, रथ मागे फिरवला आणि गिरनारची वाट धरली. प्राण्यांना पाहून संसार सोडणाऱ्या तीर्थंकरांचा तो पर्वत, आणि त्याच्याच जंगलात आज सिंह मोकळे फिरतात. यापेक्षा मोठी सफारी मला सुचत नाही.

खान्देशातून सुरतमार्गे रेल्वेने जाता येतं. गिरची जीप आगाऊ ऑनलाइन नोंदवता येते. जीपचं भाडं गाडीमागे असतं, म्हणून गाडी भरून जावं. गिरनारला ऑक्टोबर २०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे आहे. जैन मंदिरं त्याच्या खालच्या टप्प्यावर आहेत, म्हणजे वर जाऊन थोडं उतरायचं. गुडघ्यांचा हिशेब आपापला मांडावा. यात्रा आणि सफारी एका तिकिटात, जेवणाची काळजी शून्य.

चातुर्मासाचा नफा

आता मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट.

आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार करत नाहीत. पावसात जमिनीवर सूक्ष्म जीव वाढतात, पावलांखाली हिंसा वाढते. श्रावकही या चार महिन्यांत शक्यतो प्रवास आवरतो. आता वनखात्याचं वेळापत्रक पाहा. महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनाला बंद असतो. गिर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद. पावसात रस्ते खचतात आणि जनावरांनाही उसंत हवी असते, म्हणून. कारणं वेगळ्या भाषेत सांगितलेली आहेत, पण नियम जवळपास आपलाच.

आफ्रिकेत याच्या उलट आहे. केनियातल्या मसाई माराला जगभरची गर्दी होते ती जुलै ते ऑक्टोबर. त्या काळात विल्डबीस्ट नावाचे गाईसारखे दिसणारे हरणवर्गीय प्राणी लाखोंच्या संख्येने मारा नदी ओलांडतात. नदीत मगरी, काठावर सिंह. जाहिरातीत जे दाखवतात ते हेच. म्हणजे पर्युषणात आपण क्षमापना करत असताना तिकडे सगळ्यात मोठा ‘सीझन’ असतो.

आता दर पाहा. मसाई माराचं परदेशी पाहुण्यांसाठीचं प्रवेशशुल्क २०२४ च्या मध्यापासून असं आहे : जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. नवरा-बायको तीन दिवस राहिले तर गर्दीच्या महिन्यांत नुसतं प्रवेशशुल्क १,२०० डॉलर, आणि जानेवारी-फेब्रुवारीत ६००. राहण्याचे दरही गर्दी ओसरली की उतरतात. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस असतो, तो टाळायचा. उरले जानेवारी आणि फेब्रुवारी. हवा कोरडी, गर्दी कमी, आणि हत्ती, सिंह, जिराफ जागेवरच असतात. ते काही स्थलांतराच्या गर्दीबरोबर उठून जात नाहीत.

म्हणजे चातुर्मास पाळला की अर्ध शुल्क वाचतं. शास्त्र आणि व्यवहार यांचं इतकं सरळ खातं क्वचितच जुळतं.

आफ्रिकेला जायचंच तर

ज्यांची ऐपत आहे, व्रताची आडकाठी नाही आणि पाल-गिर करून झालं आहे, त्यांच्यासाठी काही नोंदी.

पहिली नोंद खर्चाच्या प्रकाराची. कॉलेजात शिकलेलं इथे कामाला येतं. काही खर्च डोक्यामागे असतो : विमान, प्रवेशशुल्क, जेवण. काही गाडीमागे असतो : जीप, चालक, इंधन. समजा गाडीचा दिवसाचा खर्च ३०० डॉलर आहे. दोघांनी केली तर माणशी १५०, सहा जणांनी केली तर ५०. म्हणून तीन जोडप्यांचा किंवा सहा मैत्रिणींचा गट सगळ्यात फायद्याचा. आठ झाल्या की दुसरी गाडी लागते आणि हिशेब बिघडतो. चाळीस जणांच्या बसटूरमध्ये दर कमी दिसतो, पण त्यात निम्मा वेळ दुकानांत जातो. पॅकेज घेताना प्रवेशशुल्क आत धरलं आहे की वेगळं, हे लेखी विचारावं.

दुसरी नोंद करांची. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो खर्च समजू नये. ज्याच्या पॅनवर कापला त्याने रिटर्न भरलं की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पैसे आपल्या नावाने भरले असतील तर रिटर्नही आपल्या नावाने भरायला हवं. गृहिणी म्हणून ‘मला कशाला रिटर्न’ असं म्हणत बसलात तर ती रक्कम सरकारजमा!

तिसरी नोंद लशीची. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर त्रासाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ही लस कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भावर वाढवून तयार करतात. हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. जीव वाचवण्यासाठी औषध घेणं निराळं आणि हौसेच्या सहलीसाठी घेणं निराळं. ‘जैन भोजनासह’ म्हणणाऱ्यांनी हे सांगायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. ताटातला कांदा काढायचा आणि दंडातलं अंडं लपवायचं, ही कसली शुद्धता? ज्याने त्याने आपापल्या गुरु महाराजांना विचारून ठरवावं, पण माहीत असून ठरवावं.

चौथी नोंद म्हणजे याला पर्याय. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया हे पिवळ्या तापाचे देश नाहीत. थेट किंवा आखाती देशांतून गेलात तर ही लस लागत नाही. मात्र वाटेत नैरोबी किंवा आदिस अबाबाला उतरणार असाल तर नियम पुन्हा विचारून घ्या. हिवतापाच्या गोळ्यांचंही डॉक्टरांशी बोला. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ चं, सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. आपला जळगाव जिल्हा पावणेबारा हजार आणि धुळे सात हजारांच्या थोडा वर. दोन्ही जिल्हे उचलून आत ठेवले तरी जागा उरेल! तिथे स्वतःची भाड्याची मोटार घेऊन फिरता येतं. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा, गाडीतून उतरायला बंदी. आतल्या सरकारी मुक्कामांत स्वयंपाकाच्या सोयीच्या खोल्या मिळतात. आपल्यासाठी हे सगळ्यात मोठं. खिचडी, मुगाची डाळ, मंगोडीची भाजी आपल्या हाताने करता येते, पाणी उकळता येतं, आणि ‘महाराज’ नेण्याचा खर्च वाचतो. एक गोष्ट मनात धरून जा. संध्याकाळी शेजारच्या प्रत्येक खोलीसमोर लोक मांस भाजतात आणि वास येतोच. ज्यांना ते सहन होणार नाही त्यांनी कडेची खोली आधीच मागावी. नामिबियातल्या इटोशातही स्वतःच्या गाडीने फिरता येतं. तिथे ओकाउकुएजोच्या मुक्कामात पाणवठ्यावर दिवे लावलेले असतात. बाकावर बसावं, प्राणी पाणी प्यायला येतात. पळापळ नाही, पाठलाग नाही. मला ही पद्धत सगळ्यात जैन वाटते.

पाचवी नोंद जेवणाची. केनियात जैन ही नवलाई नाही. जामनगरकडचे विसा ओशवाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे स्थायिक झाले. नैरोबी-मोंबासात देरासरं आहेत. कंदमूळ नको म्हटलं तर नैरोबीत समजतं. जंगलातल्या मुक्कामाला मात्र आधी लेखी कळवावं, ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही. मसाई मारा विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य बाराही महिने साडेसहाच्या आसपास मावळतो आणि संध्याकाळची फेरी त्याच सुमाराला संपते. मुक्कामाचं जेवण त्यानंतर. म्हणून चौविहारवाल्यांनी जेवणाचा डबा गाडीत घ्यावा आणि पाच-साडेपाचला एका झाडाखाली गाडी थांबवून, गाडीतच जेवावं. सकाळी याच्या उलट सोय होते. पहाटे निघायचं आणि नाश्त्याचा डबा नवकारसी आल्यावर उघडायचा.

सहावी नोंद पिशव्यांची. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि जून २०२० पासून उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकलाही. आपण खाखरे, शेव, सुकामेवा प्लास्टिकमध्ये बांधून नेतो, ते चालणार नाही. स्टीलचे डबे आणि कापडी थैल्या काढा. ताजी फळं, बिया, तूप न्यायचं असेल तर त्या देशाचा नियम आधी वाचा.

‘शिकार दिसली का?’

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते, पाप लागेल का?

सफारीहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतात, “शिकार दिसली का?” दिसली असेल तर पैसे वसूल. इथे मी थांबते. सिंहाने हरीण मारणं हा सिंहाच्या देहाचा धर्म आहे. त्याचं कर्म त्याचं. आपण तिथे नसतो तरी ते घडलंच असतं. पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं हे तिन्ही मोजतात. ‘आज तरी दिसू दे’ अशी इच्छा धरणं हे अनुमोदन नाही तर काय? प्राण्यांच्या झुंजी लावून मजा बघणं हा अनर्थदंडातला दोष सांगितला आहे. चालकाला जास्त बक्षिसी देऊन शिकारीच्या जागी गाडी पळवायला लावणं त्यापासून किती लांब आहे? समोर घडलं तर मान वळवावी, मनात नवकार म्हणावा, पुढे निघावं. त्यासाठी गाडी थांबवून कॅमेरा रोखू नये.

आपल्या उपस्थितीने होणारी हिंसा तर आणखी जवळची आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्याच विदर्भात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले असता पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी घेरलं. चित्रफीत सगळीकडे फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. पण त्या गाड्यांत बसलेले पाहुणे आपल्यासारखेच होते, पैसे भरून आलेले, ‘अजून थोडं जवळ घ्या’ म्हणणारे. नेमिनाथांनी कोंडलेले पशू पाहून रथ मागे फिरवला. ती वाघीण पिलांसह कोंडली गेली तेव्हा आपला रथ मागे फिरवण्याची आठवण कुणाला तरी व्हायला हवी होती.

म्हणून माझं म्हणणं, गाडीत बसतानाच चालकदादांना सांगावं, “दादा, आम्हाला वाघ दिसला नाही तरी चालेल. वाट सोडू नका, जवळ जाऊ नका, घाई नको.” हे ऐकून त्यांचाही जीव भांड्यात पडतो. वाघ दाखवला नाही तर पाहुणे रागावतात, या धास्तीनेच ते गाड्या दामटतात. आणि फेरी संपल्यावर वाघ न दाखवता नीट गाडी चालवली म्हणून बक्षिसी द्यावी. खर्च तोच, पण तो अहिंसेच्या खात्यात पडतो.

जंगलाच्या कडेचा हिशेब

एक खातं आपण नेहमी विसरतो. आपण वाघ-बिबट्या पाहायला जातो, पण तो ज्यांच्या अंगणात येतो त्यांचं काय? २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत बिबट्याने माणसं मारली. शेवटी डिसेंबरमध्ये त्याला गोळी घालावी लागली. माणसंही गेली आणि तो जीवही गेला. कापूस वेचणाऱ्या बाईला जीवदयेचा उपदेश करणं आपल्याला सोपं आहे, कारण आपण पक्क्या घरात राहतो.

म्हणून पैसे कुठे पडतात हेही पाहावं. केनियात मारा अभयारण्याला लागून मसाई लोकांच्या जमिनी आहेत. काही ठिकाणी त्या जमिनींचं भाडं मुक्कामवाले त्या कुटुंबांना देतात, आणि त्या बदल्यात तिथे जनावरं मोकळी फिरतात. जंगल राखण्यात त्यांचा फायदा असेल तरच जंगल राहील. आपल्या सातपुड्यातही तेच. पालला गेलात तर गावातलाच पावरा किंवा तडवी मुलगा वाटाड्या म्हणून घ्या, त्याला योग्य मोबदला द्या, घासाघीस करू नका. मध आपल्याला चालत नाही, पण चारोळी, डिंक, बांबूच्या टोपल्या-सुपं चालतात. ती तिथेच घ्या. जळगावच्या दुकानात सहलीचं सामान भरायचं आणि जंगलात फक्त कचरा सोडायचा, हा उलटा व्यापार झाला.

शेवटी एक आक्षेप उरतो. मला तो नेहमी ऐकू येतो : “एवढ्या पैशांत पांजरापोळात किती गाई वर्षभर जगतील!” बरोबर आहे. पण हा प्रश्न लग्नातल्या पन्नास पक्वान्नांना विचारला जात नाही, दिवाळीच्या सोन्याला विचारला जात नाही, नव्या मोटारीला विचारला जात नाही. तो बाईच्या हौसेपाशीच येऊन उभा राहतो. माझं उत्तर साधं आहे. सहलीच्या अंदाजपत्रकातच जीवदयेची एक ओळ पहिल्यापासून लिहावी, पाच टक्के, दहा टक्के, जे जमेल ते. उरलं तर देऊ असं नाही, आधी बाजूला काढून. मग प्रवास छोटा करावा लागला तर करावा. सात दिवसांचे सहा झाले तर सिंहाचं काही बिघडत नाही.

तर वही काढा. डाव्या पानावर रुपये, उजव्या पानावर आपल्यामुळे किती जीवांना त्रास होणार आहे ते. या हिवाळ्यात हतनूर आणि पाल, पुढच्या वर्षी गिर-गिरनार, आणि दोन्ही पानं जुळली तर त्यापुढच्या जानेवारीत आफ्रिका. ज्यांचं खातं पालपाशीच पूर्ण होईल त्यांनी उणं वाटून घेऊ नये. शंभरावर वर्षं जगाला न सापडलेला रानपिंगळा आपल्याच सागाच्या फांदीवर बसला होता.